भ्यालेला समुद्र : एका उत्तरपत्रिकेच्या निमित्ताने

'अमुक कवितेतील तमुक हे कशाचे प्रतीक आहे, ते स्पष्ट करा', हा प्रश्न मी आजवर किती वेळा काढला असेल याचा हिशेब मला देता येणार नाही. दिल्लीत मराठी शिकविणाऱ्याला हा प्रश्न फार सोयीचा वाटतो. वर्गात काही विद्यार्थी मराठी कुटुंबांतले पण दिल्लीतच वाढलेले असतात, काही महाराष्ट्रातून शिकायला आलेले असतात, तर काही हिंदी, बंगाली, असमिया अशा भाषांतून येऊन तौलनिक अभ्यासासाठी मराठीकडे वळलेले असतात. अशा संमिश्र वर्गात कवितेचा नाद, तिच्यातील शब्दांचे घरगुती संदर्भ, तिची वळणे उलगडून दाखविणे हे चिकाटीचे काम असते. प्रतीकाचा अर्थ मात्र एका वाक्यात सांगता येतो, एका वाक्यात लिहून घेता येतो आणि एका दृष्टिक्षेपात तपासता येतो. या सोयीची किंमत कोण देतो, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तो मला एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेने पाडला.

त्या वर्षीचा प्रश्न विनायक दामोदर सावरकर यांच्या 'सागरा, प्राण तळमळला' या कवितेवर होता. सावरकर १९०६ साली शामजी कृष्णवर्मा यांची शिष्यवृत्ती घेऊन, बॅरिस्टर होण्यासाठी मुंबईहून बोटीने लंडनला गेले आणि १९०९ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन येथे त्यांनी ही कविता रचली. पुढे हृदयनाथ मंगेशकरांनी तिला चाल दिली आणि ती मराठी घरांत गीत म्हणून पोहोचली. ती कारागृहात लिहिली गेली असा अनेक विद्यार्थ्यांचा समज असतो. तो दुरुस्त करावा लागतो. कवीला लंडनमध्ये अटक झाली ती मार्च १९१० मध्ये, मार्सेलिसच्या बंदरातील उडी जुलै १९१० मधली आणि अंदमानचा कारावास सुरू झाला १९११ साली. कविता या साऱ्याच्या अगोदरची आहे. म्हणजे तिच्यातील तळमळ ही बेड्या पडलेल्या माणसाची नसून, ज्याला वरवर पाहता कोणीही अडविलेले नाही अशा माणसाची आहे. कवीच्या पुढील राजकारणाविषयी आपल्या देशात तीव्र मतभेद आहेत. त्यामुळे ही कविता एकतर भक्तीने गायिली जाते किंवा न वाचताच बाजूला सारली जाते. दोन्ही पक्षी ती वाचायची राहून जाते.

माझी गोष्ट याहून फारशी वेगळी नव्हती, हे आता कबूल केले पाहिजे. माझ्या टिपणांत चार समीकरणे होती. माता म्हणजे मातृभूमी. पिंजऱ्यातील पोपट म्हणजे पारतंत्र्य. अगस्ती म्हणजे येऊ घातलेली क्रांती. आणि समुद्र म्हणजे मायलेकरांची ताटातूट करणारी परकी सत्ता. विद्यार्थ्यांनी ही समीकरणे उतरवून घेतली होती आणि बहुतेकांनी ती उत्तरपत्रिकेत तशीच्या तशी परत केली होती.

एका विद्यार्थ्याने मात्र ती परत केली नव्हती. तो मराठवाड्यातील एका खेड्यातून आलेला, वर्गात सहसा न बोलणारा मुलगा. त्याच्या उत्तराचा आशय असा होता : समुद्र हे परक्या सरकारचे प्रतीक नाही. समुद्र सरकारला भिणारा आहे. त्याने आधी शब्द दिला, मग बलवंताच्या भीतीने तो फिरविला. यापुढे त्याने लिहिले होते की आपण समुद्र पाहिलेला नाही, परंतु अशी माणसे पाहिली आहेत. आमच्या गावी एका पंचाने निवडणुकीआधी आमच्या वस्तीला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देण्याचा शब्द दिला होता. निवडून आल्यावर तो आमच्या वाटेने जाईनासा झाला. तो वाईट नव्हता, भित्रा होता. कवितेतला समुद्र तसा आहे.

मी दहापैकी चार गुण दिले आणि समासात लिहिले : 'विषयांतर. प्रतीकार्थ चुकला.'

गुण जाहीर झाल्यावर तो भेटायला आला. गुण वाढवून मागण्याचा त्याचा हेतू दिसला नाही. त्याने इतकेच विचारले, "सर, समुद्र म्हणजेच इंग्रज सरकार असेल, तर शेवटच्या कडव्यात तो भितो तो कुणाला?" मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, यावरूनच ते कसे असेल ते वाचकांनी ओळखावे. त्या रात्री मी कविता पुन्हा काढून वाचली. पाठ असलेली कविता आपण वर्षानुवर्षे वाचलेलीच नसते, याचा प्रत्यय मला तेव्हा आला.

कवितेची रचना पाहिली तर ती समुद्राला उद्देशून केलेली एक प्रदीर्घ फिर्याद आहे. पण फिर्यादीच्या आधी ओळख आहे. बोलणाऱ्याने या समुद्राला मातेचे पाय धुताना पाहिले आहे. म्हणजे समुद्र घरचा आहे, मातेचा सेवक आहे. त्यानेच तरुणाला दुसरे देश पाहायला चलण्याचा आग्रह केला. आईच्या मनात विरहाची शंका आली तेव्हा परत आणून सोडण्याचे वचन त्यानेच दिले. त्या वचनावर विश्वासून हा निघाला. पुढच्या कडव्यात पिंजऱ्यातील पोपट आणि पाशात सापडलेले हरीण या उपमा येतात, त्या पारतंत्र्याच्या नव्हेत. फसविले गेल्याची जाणीव त्यांतून व्यक्त होते. पाठोपाठ येतो तो विद्येचा भार. जे गुण आणि जे ज्ञान मातृभूमीच्या उपयोगी पडावे म्हणून वेचले, ते तिच्यापर्यंत नेता येत नसतील तर ते निव्वळ ओझे होय, अशी ही व्यथा आहे. परदेशी शिकायला गेलेल्या कोणत्याही काळच्या विद्यार्थ्याला ती ओळखता यावी. त्यानंतर आकाशातील असंख्य ताऱ्यांपेक्षा आपल्या भूमीचा एक तारा, प्रासादांपेक्षा आईची झोपडी, अशी निवड येते. समुद्रालाही त्याच्या प्रिय नद्यांच्या विरहाची आठवण दिली जाते. शत्रूला कोणी असे सांगत नाही. ज्याच्या ठायी अजून हृदय असेल अशी आशा आहे, त्यालाच असे सांगितले जाते.

आणि मग शेवटचे कडवे. समुद्र फेसाळून हसतो. वचन का मोडलेस, या प्रश्नाचे उत्तर बोलणारा स्वतःच शोधतो : आज तुझ्यावर स्वामित्व मिरविणारी जी इंग्रजांची भूमी, तिला तू भ्यालास, आणि माझी आई दुर्बळ आहे असे समजून तू तिला फसविलेस. समुद्रावर इंग्लंडची सत्ता आहे, ही त्या काळातील आरमारी वस्तुस्थिती होती. कवितेत ती समुद्राची लाज बनते. माझ्या समीकरणातील राज्यकर्ता समुद्र इथे स्वतःच पराधीन आहे. मातेकडे अगस्ती आहे, ज्याने एका आचमनात समुद्र पिऊन टाकला होता, ही अखेरची धमकी इंग्लंडला दिलेली नाही. ती समुद्राला दिलेली आहे. भित्र्या मध्यस्थाला दुसऱ्या, अधिक जुन्या भीतीची आठवण करून दिली आहे. साम्राज्य कवितेत जवळजवळ पडद्याआडच राहते. कवितेचा सारा संताप आणि सारी आर्जवे साम्राज्य आणि माता यांच्या मध्ये उभा असलेल्या, घरच्या आणि तरीही उलटलेल्या अशा एका तिसऱ्याला उद्देशून आहेत. त्या विद्यार्थ्याने नेमके हेच लिहिले होते.

मग माझे समीकरण आले कोठून? त्याची मुळे शोधताना मला आपल्या परंपरेत दोन उगम सापडतात. पहिला उगम अन्योक्तीचा. वस्तूला उद्देशून बोलावे आणि रोख माणसावर असावा, ही संस्कृत कवींची आवडती रीत. शाहजहानच्या आश्रयाने ज्यांनी कीर्ती मिळविली ते जगन्नाथ पंडित या प्रकारातले मातब्बर, आणि त्यांचा 'भामिनीविलास' अन्योक्तींसाठी प्रसिद्ध आहे. सिंह, मेघ, समुद्र यांना बोल लावून राजाला, दात्याला, कृपणाला सुनावण्याची ही कला. तिथे समीकरण क्षम्य असते, किंबहुना अपेक्षितच असते.

दुसरा उगम वासाहतिक काळातला आहे आणि तो तितका निरागस नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त पक्ष, भीम म्हणजे जहाल पक्ष : हा तक्ता आज प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला माहीत असतो. परंतु तो ठळकपणे मांडला गेला तो व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकाराच्या १९१० सालच्या पुस्तकात, हिंदी असंतोषाचा आरोप सिद्ध करण्याच्या ओघात.

त्याहून बोलके उदाहरण १९०९ सालचे आहे. सावरकरांचे वडील बंधू गणेश दामोदर सावरकर यांच्यावर 'लघु अभिनव भारतमाला' या पुस्तिकेतील मराठी कविता प्रसिद्ध केल्याबद्दल खटला झाला. जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. अपील ऐकणाऱ्यांत न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर होते. ते प्रार्थना समाजाचे पुढारी आणि मराठी जाणणारे वाचक होते. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा : कवितांतील देवदेवता आणि शिवाजीसारखे वीर ही केवळ निमित्ते आहेत, खरा आशय एकच, परक्या सरकारविरुद्ध शस्त्र उचला. त्या कवितांपुरता हा निष्कर्ष कदाचित चुकीचाही नसेल. पण वाचनाची ही रीत कोणाची, हे पाहण्याजोगे आहे. प्रतिमा बाजूला करा, तिच्यामागे दडलेला आरोपी शोधा, एका वाक्यात त्याचे नाव लिहा : ही न्यायासनाची रीत आहे. न्यायालयाला तिची गरज असते, कारण त्याला शिक्षा द्यायची असते. वर्गात बसून मीही हेच करीत होतो. फरक इतकाच की मला गुण द्यायचे होते.

आपल्या काव्यशास्त्रात या घोटाळ्याचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे आणि ते मी दरवर्षी वेगळ्या तासाला शिकवीतही असतो. 'ध्वन्यालोक'कार आनंदवर्धनांनी ध्वनीचे दोन मुख्य भेद मानले. एकात वाच्यार्थ विवक्षितच नसतो. तो बाजूला सारून पुढे जावे लागते. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे असे म्हटल्यावर आपण प्रवाहावर झोपड्या कल्पीत नाही, काठ समजतो आणि काठाची शीतलता, पवित्रता जाणतो, हे लक्षणेचे सर्वपरिचित उदाहरण याच जातीचे. दुसऱ्या भेदाला त्यांनी विवक्षितान्यपरवाच्य म्हटले. इथे वाच्यार्थ अभिप्रेत असतो, तो टिकून राहतो, आणि टिकून राहूनच आपल्यापलीकडे नेतो. मी दुसऱ्या जातीची कविता पहिल्या जातीची समजून शिकवीत होतो. 'समुद्र म्हणजे सरकार' म्हणताच समुद्र नाहीसा होतो. त्याच्याबरोबर त्याचे मातेचे पाय धुणे जाते, त्याचे वचन जाते, नद्यांवरील त्याचे प्रेम जाते, त्याचे हसणे आणि त्याचे भय जाते. उरते ते एक राजकीय विधान. ते कवितेशिवायही करता आले असते. म्हणून आशयसूत्र शोधताना 'हे कशाचे प्रतीक' या प्रश्नाआधी 'बोलणारा याच्याकडे काय मागतो आहे' हा प्रश्न विचारावयास हवा, असे मला आता वाटते.

या प्रश्नाची कसोटी दुसऱ्या एका समुद्रावर घेता येते. कुसुमाग्रजांचा 'विशाखा' हा संग्रह १९४२ साली, म्हणजे 'चले जाव'च्या वर्षी, प्रसिद्ध झाला. त्यातील 'कोलंबसाचे गर्वगीत' हीही समुद्राला उद्देशून केलेली कविता आहे. दोन्ही कवी सह्याद्रीच्या अलीकडच्या, गोदाकाठच्या नाशिक परिसरातले. दोघांच्याही बालपणाच्या अंगणात समुद्र नव्हता. परंतु त्यांची मागणी पाहा. पहिला समुद्राला म्हणतो, मला परत ने. दुसऱ्याचा नाविक परतण्याचा विचारही करू इच्छित नाही. घरदार मागे टाकून तो वादळाला आव्हान देतो आणि ज्याला किनाऱ्याची मर्यादा आहे तो समुद्र आपल्या अमर्याद आकांक्षेपुढे त्याला क्षुद्र वाटतो. एकासाठी स्वातंत्र्य म्हणजे परतणे, दुसऱ्यासाठी स्वातंत्र्य म्हणजे निघणे. 'समुद्र : परकी सत्ता' हे समीकरण दोन्हींना लावले की दोन्ही कविता एकसारख्या होतात आणि स्वातंत्र्याच्या ओढीची दोन परस्परविरोधी रूपे मराठी कवितेत तीन-साडेतीन दशकांच्या अंतराने का उमटली, हा महत्त्वाचा प्रश्नच उरत नाही.

या कवितेवरही माझ्या वर्गात एक आक्षेप आला होता. ईशान्येकडून आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, "हे गीत कोलंबसाच्या तोंडी का? तो १४९२ मध्ये ज्या बेटावर उतरला, तिथल्या लोकांनी ही कविता कशी वाचली असती?" वसाहतवादाखाली भरडलेल्या देशातला कवी, वसाहतवादाचा आरंभ ज्याच्या नावाशी जोडला जातो त्यालाच स्वातंत्र्याकांक्षेचे प्रतीक करतो, यातील विसंगती तिला बोचली होती. शिवाय कोलंबस शोधत होता तो आपल्याच देशाकडचा मार्ग. त्या दिवशी मी 'कविता इतिहास सांगत नाही' असे म्हणून तो विषय संपविला. आज मी थोडे वेगळे म्हणेन. ती कविता किनारा दिसण्याआधीच संपते आणि तिचे सारे सामर्थ्य त्या आधीच्या क्षणात आहे. किनाऱ्यावर काय घडले हे तिने पाहिलेले नाही. ते पाहणे आपल्याकडे, वाचकांकडे येते. प्रतीक जे दाखविते त्याबरोबर ते काय झाकते हेही विचारता येते, आणि तसे विचारल्याने कविता लहान होत नाही.

त्या मुलाच्या उत्तरातील विहीर मला पुढे महाडपर्यंत घेऊन गेली. महाड कोकणातले, सावित्री नदीच्या काठचे गाव. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला. रावबहादूर सी. के. बोले यांनी तो मांडला होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. शब्द दिला गेला. परंतु सवर्णांच्या भयाने तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागेच घेतला. वाद न्यायालयात गेला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने झाला. ही हकीकत मी पूर्वीही वाचली होती. पण वचन देणारी आणि मग बलवंताला भिऊन ते मोडणारी ती नगरपालिका मला कवितेतल्या समुद्राशेजारी कधी दिसली नव्हती. माझ्या विद्यार्थ्याला आपल्या गावचा पंच तिथे दिसला, कारण फिरलेला शब्द त्याच्या घरातल्या रिकाम्या घागरीत पोहोचला होता.

यावरून एक गोष्ट मला निश्चित वाटते. स्वातंत्र्याच्या ओढीच्या कवितेला एकच पारतंत्र्य माहीत असते असे आपण धरून चालतो आणि बाकीच्यांना विषयांतर म्हणतो. वस्तुतः चांगली कविता एका पारतंत्र्याचे रूप इतके अचूक पकडते की दुसऱ्या पारतंत्र्यातल्या माणसाला त्यात आपल्या गावची माणसे ओळखता येतात. १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिणाऱ्या कवीच्या मनात मराठवाड्यातली ती विहीर नव्हती, हे उघड आहे. पण भ्यालेला मध्यस्थ होता. तो त्याने इतका नेमका रंगविला की समुद्र कधीही न पाहिलेल्या मुलाला तो प्रथमदर्शनी उमगला आणि मला मात्र इतकी वर्षे उमगला नाही. त्याने कवितेबाहेरचे काही आत आणले नव्हते. तो कवितेच्या शेवटच्या कडव्यापर्यंत गेला होता. मी माझ्या टिपणांपाशी थांबलो होतो.

आता मी तो प्रश्न काढीत नाही. त्याऐवजी विचारतो : 'कवितेतील बोलणारा समुद्राकडे काय मागतो, आणि समुद्र ते का देत नाही?' उत्तरे तपासायला दुप्पट वेळ लागतो. काही विद्यार्थी अजूनही जुन्या टिपणांतले समीकरण लिहून आणतात. ती टिपणे माझीच असल्याने मला त्यांना दोष देता येत नाही. त्या मुलाचे चार गुण मात्र चारच राहिले. निकाल लागून गेला होता, आणि नियमाप्रमाणे फेरबदलाची मुदत संपली असल्याचे मी त्याला सांगितले होते. ते खरेही होते. पण मुदत संपण्यापूर्वी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला होता आणि माझी चूक मला त्याच रात्री कळली होती, हेही तितकेच खरे आहे. कार्यालयात जाऊन ती कबूल करण्याचे धैर्य मला त्या आठवड्यात झाले नाही.